१५.६ इंचांचा हट्ट कशाला?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कामाला लॅपटॉप १५.६ इंचीच घ्या, लहान स्क्रीनवर कमी दिसतं. फुल एचडी लिहिलंय ना, मग स्क्रीन चांगलीच. प्रोसेसर आय-७च हवा. आणि पातळ लॅपटॉपची रॅम वाढवता येत नाही. शेवटचं बरंचसं खरं आहे. बाकीचं इथल्या सिल्व्हर मॉलमधल्या लॅपटॉपच्या काउंटरवर उभं राहून तपासलं तर टिकत नाही.

आधी इंच. ते तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणून पडद्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण न बघता नुसते इंच ताडून काही कळत नाही. १६:९ प्रमाणाचा १५.६ इंची पडदा साधारण १९.४ सेंमी उंच असतो. १६:१० चा १४ इंची १८.८ सेंमी. उंचीत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक, आणि कागदपत्रं आपण वरून खालीच वाचतो. दोन्हीकडे विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवायचं प्रमाण, १२५ टक्के ठेवा: १९२० बाय १२०० ठिपक्यांच्या १४ इंचीवर फुल एचडी १५.६ पेक्षा एक्सेलच्या चारेक ओळी जास्तच दिसतील. अक्षर मात्र थोडं बारीक होतं, हे कबूल. चाळिशी लागलेल्यांनी घेण्याआधी स्वतः वाचून बघावं. दिवसभर टॅलीवर आकडे ठोकणाऱ्यांची गोष्टही वेगळी. त्यांना मोठ्या लॅपटॉपचा नंबर पॅड लागतोच.

ज्याला आठवड्यातून दोनदा भोपाळ गाठायचंय त्याने मात्र वजन बघावं. १४ इंचीत १.२ ते १.४ किलोची मॉडेल्स सहज मिळतात, १५.६ ची बहुतेक दीड किलोच्या पुढे, चार्जर वेगळा. शिवाय बसमध्ये पुढच्याने सीट मागे टाकली की मोठ्या लॅपटॉपचं झाकण पुरतं उघडतच नाही. मग मान वाकडी करून बसा देवासपर्यंत.

‘फुल एचडी म्हणजे चांगली स्क्रीन’ या वाक्याने सगळ्यात जास्त लोक फसतात. फुल एचडी हा फक्त ठिपक्यांचा हिशेब: १९२० आडवे, १०८० उभे. रंग कसे, उजेड किती, यातलं काहीही त्यात नाही. स्पेसिफिकेशनमध्ये ‘४५ टक्के एनटीएससी’ (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) आणि ‘२५० निट्स’ (उजेडाचं माप) दिसलं की समजा, पैसे स्क्रीनवर वाचवलेत. असल्या पॅनेलवर कुंकवाचा लाल विटकरी दिसतो आणि खिडकीशी बसलात की पडद्यात स्वतःचाच चेहरा. ‘१०० टक्के एसआरजीबी’ (हेही रंगांचंच माप) आणि ४०० च्या आसपास निट्स मागा. किमान ३०० तरी. दुकानात पोपटांचा आणि धबधब्यांचा व्हिडिओ लावलेला असतो, त्यात कुठलीही स्क्रीन झकास वाटते. तो बंद करायला सांगा. कोरी पांढरी शीट उघडा, झाकण पुढेमागे कलवा. पांढरं पिवळट किंवा काळपट होतंय का बघा. मग नेहमीच्या आकारात ‘विद्यार्थ्यांच्या’ टाइप करा. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळत असतील तर पुढचं मॉडेल.

ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी स्क्रीन, दिसायला देखणी, काळा रंग खरा काळा. पण यातल्या बऱ्याच पॅनेलवर ब्राइटनेस कमी केला की पडदा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, काहींचं डोकं मात्र दुखतं. मोबाइलचा कॅमेरा धरा, पट्टे सरकताना दिसतात का पाहा.

आय-७ चं थोडक्यात. इंटेलच्या १२व्या पिढीत आय-७ १२५५यू मध्ये ताकदीचे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) २ आणि आय-५ १२५००एच मध्ये ४. सलग जड काम दिलं तर आय-५ पुढे जातो, म्हणजे आकड्याइतकंच शेवटचं अक्षरही वाचायला हवं. ‘एच’वाला प्रोसेसर बॅटरी मात्र भराभर खातो. मेल, एक्सेल आणि मीटिंगला ‘यू’वाला भरपूर झाला.

राहिली रॅम. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन पक्की बसवलेली असते, नंतर वाढत नाही. म्हणून मोठाच घ्या असं ठरत नाही. १६ जीबी पहिल्यांदाच घ्या एवढंच ठरतं. फाइली साठवणारी एसएसडी सहसा बदलता येते. आणि दुकानदार म्हणाला, ‘भिया, स्लॉट खाली है, बाद में डलवा लेना’, तर मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तिथेच, पैसे द्यायच्या आधी बघून घ्या.