जुन्या जीपमध्ये ‘सगळीकडे जीएल-५ ओता’ म्हणणाऱ्यांसाठी

जुनी विलीस जीप उभी करणाऱ्या मंडळींमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय, की गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही अ‍ॅक्सल, सगळीकडे एकच महागातलं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भरा, जीएल-४ पेक्षा जीएल-५ वरचं, लष्करही सगळीकडे एकच ऑइल वापरायचं, आणि लिकेज असेल तर १४० नंबरचं जास्त घट्ट ऑइल टाका. करायला सोपं म्हणून लोक करतातही, आणि गाड्यांची वाट लागते.

पाच चारच्या वरचं, हेच मुळात चुकीचं. जीएल-५ हायपॉइड क्राउन-पिनियनसाठी, म्हणजे अ‍ॅक्सलच्या डिफरन्शियलमधल्या तिरक्या दातांच्या गिअर-जोडीसाठी आहे, तिथे दात दाबाखाली एकमेकांवर घसरतात म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसचं ईपी (जास्त दाब सोसणारं) अ‍ॅडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. विलीस एमबी, म्हणजे युद्धकाळातल्या लष्करी जीपच्या टी-८४ गिअरबॉक्समध्ये हायपॉइड काहीच नाही. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) आहेत (पहिल्याला सिंक्रोच नाही) आणि ब्राँझचे थ्रस्ट वॉशर, ट्रान्सफर केसच्या मधल्या गिअरलाही तसेच वॉशर. ऑइल तापलं की हे अ‍ॅडिटिव्ह पिवळ्या धातूला धरतं, तो काळा पडतो, झिजतो. शिवाय सिंक्रो रिंगला पकड घ्यायला थोडं घर्षण लागतंच, फार निसरडं ऑइल असलं की गिअर कुरकुरतो. आता काही जीएल-५ पिवळ्या धातूला चालणारी मिळतात हे खरं, पण मग डेटाशीटवर कॉपर कोरोजनचा (ऑइल तांब्याला किती खातं त्याचा) आकडा बघा, नुसत्या डब्यावरच्या नावावर जाऊ नका.

लष्कराचं म्हणाल तर हो, अमेरिकी लष्कराच्या जीपच्या १९४४ च्या टीएम ९-८०३ या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सपासून अ‍ॅक्सलपर्यंत एकच युनिव्हर्सल गिअर ऑइल आहे, हवा गोठणबिंदूच्या वर असेल तर ९० नंबर, खाली असेल तर ८०. पण ते जीएल-५ नव्हतं, तेव्हा जीएल-५ जन्मालाच आलेलं नव्हतं! तो दाखला आजच्या डब्याला लागूच होत नाही.

आता उलट्या टोकाला जाऊन डिफरन्शियलमध्येही बिनअ‍ॅडिटिव्हचं जीएल-१ ओतणारेही भेटतात, तेही नको, दोन्ही अ‍ॅक्सल हायपॉइड आहेत, तिथे जीएल-५ च भरा. हिशोब फार नाही, गिअरबॉक्सला पाऊण क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे लिटरपेक्षा थोडं कमी), ट्रान्सफरला दीड, म्हणजे दोन्ही मिळून साधारण २.१ लिटर जीएल-४ ८०डब्ल्यू-९०, आणि दोन अ‍ॅक्सलला सव्वा-सव्वा क्वार्ट, सुमारे २.४ लिटर जीएल-५. गिअरबॉक्समधलं ऑइल शाफ्टवरून ट्रान्सफरमध्ये झिरपतं, म्हणून त्या दोघांत तरी एकच ठेवा. आपल्याकडच्या महिंद्रा सीजे-३बी ला गिअरबॉक्स टी-९० असला तरी ट्रान्सफर केस एमबीचीच, स्पायसर १८, तिथेही हेच.

आणि १४० नंबरने लिकेज थांबत नाही, सकाळी गिअर मात्र जड पडतात. आधी ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याचं छोटं छिद्र) साफ करा, तो बुजला की आत दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा ऑइल बाहेर टाकतं. मग ऑइल लेव्हल प्लगच्या (बाजूच्या भरायच्या भोकाच्या) पातळीपर्यंतच भरा, वर नाही.