बंदुकीची मूठ आणि धरणारा हात

ऑक्टोबर २०२४मध्ये कुडाळहून बाबांचा फोन आला, तेव्हा भात कापणीला आलं होतं आणि त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा होती. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पाठोपाठ नोटीस आली. "तुमच्याथंय इलेक्शनाक बंदुको जमा करूच्यो लागतत काय रे?" त्यांनी विचारलं. इथे, अमेरिकेत, अध्यक्षपदाचं मतदान ५ नोव्हेंबरला होतं. माझी रायफल घरातल्या तिजोरीत होती आणि तिची चौकशी करायला कुणी येणार नव्हतं. मी "नाही" म्हटलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या दिवसांत गावच्या ग्रुपवर एकच सूर होता: अमेरिकेत कुणीही हवी ती बंदूक घेतो आणि इथे आमची एकनळी सरकारला जड होते. बंदुका परत मिळायला हव्यात हे मला मान्य आहे. त्यासाठी अमेरिकेचा दाखला देणं मात्र मला पटत नाही.

मी कॅलिफोर्नियात, स्टॉक्टनजवळ राहतो. १७ जानेवारी १९८९ रोजी इथल्या एका प्राथमिक शाळेच्या मैदानावर एका माणसाने एके-४७च्या धर्तीची रायफल चालवली. पाच मुलं गेली. त्यांची कुटुंबं कंबोडिया आणि व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेली. त्याच वर्षी राज्याने 'असॉल्ट वेपन' म्हणून काही रायफलींवर नावानिशी बंदी घातली. कारखानदारांनी नावं बदलली, तेव्हा २०००पासून रायफलीच्या अंगावरच्या खुणा मोजायची पद्धत आली.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर रायफल घ्यायला गेलो तेव्हा या खुणांचा अर्थ कळला. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरली जाते अशा, सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) रायफलीचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढता येत असेल, तर तिला पिस्तुलासारखी मूठ नको, घडीचा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता नको, नळीच्या तोंडाशी ज्वाळा झाकणारा भाग नको. यातलं एकही असलं की ती बंदीत जाते. म्हणून लष्करी धर्तीची एआर-१५ रायफल हवीच असणारे लोक दोन वाटा काढतात. एक, मुठीला पाखासारखी चपटी पट्टी लावायची, म्हणजे अंगठा पलीकडे वळतच नाही. दुसरी, मॅगझिन कायमचं बसवायचं, म्हणजे ते काढायला रायफलच उघडावी लागते. पाखाची रायफल मी रेंजवर चालवून पाहिली. पकड घट्ट बसत नाही आणि पहिल्या बारानंतर हात सरकतो. काउंटरवर तिच्या शेजारीच लाकडी दस्त्याची मिनी-१४ रायफल होती. तेच काडतूस, चाप ओढला की तशीच एकेक गोळी, पण मुठीचा आकार जुना, म्हणून कायदेशीर.

इथे माझं मत कायद्याच्या एका भागाविरुद्ध जातं. दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन विकायला बंदी आहे, ती मला पूर्ण मान्य आहे. मॅगझिन बदलायला थांबावं लागतं तेवढ्या वेळात एखादं मूल पळू शकतं. खरेदीआधीची लेखी परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी, दहा दिवसांची वाट, हेही मी आनंदाने केलं. मुठीचा आकार मोजून मात्र कुणाचा जीव वाचतो असं मला वाटत नाही.

मी शेवटी लिव्हर ॲक्शन रायफल घेतली, थर्टी-थर्टी काडतुसाची. दर गोळीला हाताने लिव्हर ओढावा लागतो, त्यामुळे ती या यादीत येतच नाही. इकडच्या डोंगरांत ओकच्या झाडीत रानडुकरं असतात, शंभर यार्डांच्या आत दिसतात. तेवढ्याला ती पुरते. शिकारीत शिशाची गोळी चालत नाही म्हणून तांब्याच्या घ्याव्या लागतात, त्या महाग पडतात. दुसरी रायफल घेतली तर बोल्ट ॲक्शनच घेईन, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी ओढायची. ज्यांना शिकार करायची आहे त्यांना या बंदीने काही अडत नाही, हे मी इथल्या मित्रांनाही सांगतो आणि त्यावरून वादही होतात.

बाबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आहे. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे बंदूक बहुतेक वेळा बार काढण्यापुरतीच. पण त्या आवाजाने कळप भाताच्या कुणग्यातून, म्हणजे शेताच्या तुकड्यातून, बाहेर पडतो. तिचा परवाना देताना सरकारने माणूस तपासला, शेत तपासलं. इथे रायफलीच्या अंगावर जेवढी नजर असते तेवढी तिथे माणसावर असते, आणि ती पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. मग निवडणूक आली की तोच तपासलेला माणूस एका रात्रीत संशयित का होतो? कुणाची बंदूक जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. गुन्ह्याची नोंद असलेल्याची बंदूक घ्यावी, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण सत्तरीच्या शेतकऱ्याचा अर्ज समितीने एकदा वाचावा तरी, आणि तो कापणीआधी वाचावा.

मतदान २० नोव्हेंबरला झालं, निकाल २३ला. बाबांची बंदूक त्यानंतर घरी आली. तोवर ओहोळाकडचे दोन कुणगे डुकरांनी लोळवले होते आणि उरलेलं भात खळ्यात आलं होतं.