तात्यांना हात आहेत

अमेरिकेत रॅकून नावाचा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला एक जंगली प्राणी आहे. त्याला हात असतात. मांजराचा असतो तसला पंजा नव्हे, चांगला पाच बोटांचा, काळा, मऊ तळव्याचा हात. सुपारी कातरणाऱ्या माणसाची बोटं चालावीत तशी त्याची बोटं चालतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी कोंबड्या पाळल्याच नसत्या. फार तर कासव पाळलं असतं.

सुरुवात अंड्यांनी झाली. 2025च्या मार्चमध्ये बर्ड फ्लूच्या साथीपायी अमेरिकेत अंडी डझनाला सरासरी सव्वासहा डॉलरवर गेली होती. आमच्या सिअ‍ॅटलमध्ये दुकानात रिकाम्या फळ्या बघून मी बायकोला म्हणालो, "आमच्याकडे कणकवलीला मागल्या दारी आठ-दहा कोंबड्या सहज असायच्या. त्यात काय आहे?" लग्नाला चौदा वर्षं झाली तरी 'त्यात काय आहे' हे शब्द माझ्या तोंडून निघाले की ती आधी पाकीट लपवते. या वेळी तिला उशीर झाला.

पालिकेच्या नियमाप्रमाणे इथे अंगणात आठ कोंबड्या चालतात, कोंबडा मात्र चालत नाही, कारण तो आरवतो. एप्रिलच्या शेवटी आई आली तेव्हा तिला हा नियम सांगितला. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि म्हणाली, "कोंबो नाय तर हय सकाळ होता कशी?"

आम्ही चारच पिल्लं आणली. नऊ वर्षांच्या लेकीनं त्यांची नावं ठेवली: शिरा, बुंदी, जिलबी आणि खरवस. चारही नावं गोडाची निघाल्यावर आई काय ते समजली. या घरात यांचा रस्सा होणार नव्हता. पिल्लं अंड्यावर यायला पाच-सहा महिने लागतात हे मी हिशोबात धरलं नव्हतं. ऑगस्टअखेर शिऱ्यानं पहिलं अंडं दिलं तेव्हा दुकानातला भाव कधीच उतरला होता. त्या अंड्याचा एकूण खर्च मी एक्सेलमध्ये मांडलाय. बायकोनं उघडू नये म्हणून फाइलला 'टॅक्स 2025' नाव दिलंय.

मे महिन्यात पिल्लं घरातून अंगणातल्या खुराड्यात गेली. खुराडं विकतचं, गोजिरवाणं. त्याला षट्कोनी भोकांची पातळ जाळी आणि एक छोटी वळवायची कडी. तिसऱ्या रात्री अडीच वाजता असा काही कलकलाट झाला की मी लुंगीवरच बाहेर धावलो. टॉर्चच्या उजेडात डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला, सहा-सात किलोचा एक गृहस्थ खुराड्याच्या दारात मांडी घालून बसला होता. कडी त्यानं व्यवस्थित वळवून उघडली होती. मोडली नव्हती, उघडली होती. एका हातात जिलबीच्या शेपटीची दोन पिसं. दुसऱ्या हातानं तो कोंबड्यांचं खाद्य उचलायचा, त्यांच्याच पाण्याच्या भांड्यात बुडवायचा, चाचपायचा आणि मग तोंडात टाकायचा. माझ्याकडे त्यानं एकदा पाहिलं. एखाद्या पंगतीत वाढपी उशिरा आला की जेवणारा पाहतो तसं.

आईनं हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. "तात्या," ती म्हणाली. तात्या म्हणजे आमच्या कणकवलीचे दिवंगत शेजारी. बांगडे तव्यावर पडले की आपोआप हजर व्हायचे, पण न धुतल्या हातानं घास घेतला नाही कधी. "हातपाय धुवन जेवता. तुज्यापेक्षा बरो." तेव्हापासून ते तात्या, आणि त्यांना अहो-जाहो.

(तसं ते खाणं धूत नाहीत म्हणे. पाण्यात बोटांची जाण वाढते, म्हणून हातानं 'बघतात'. पण त्यांच्या लॅटिन नावातल्या 'लोटोर'चा अर्थही 'धुणारा' असाच आहे, तेव्हा शास्त्रज्ञ आणि आमची आई यांचं इथे एकमत झालं. 'रॅकून' हा शब्द व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून आलाय, अर्थ साधारण 'हातांनी खरवडणारा'. त्या लोकांनी कोंबड्या पाळल्या नव्हत्या तरी त्यांना कळलं होतं.)

सकाळी लेकीनं अट घातली: तात्यांना काहीही लागता कामा नये. पिंजरा लावून लांबच्या जंगलात नेऊन सोडावं असं मी सुचवलं, तर कळलं की वॉशिंग्टन राज्यात परवान्याशिवाय जंगली प्राणी पकडून दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. गावाला चोरटा बोका पोत्यात घालून नदीपलीकडे सोडत, आणि सोडणारा माणूस चहाला थांबला तर बोका त्याच्या आधी घरी पोचायचा, ते आठवून मी गप्प बसलो. म्हणजे कोंबड्या वाचवायच्या, तात्याही वाचवायचे. उरलो मी.

पहिला उपाय अमोनियाचा. चिंधी अमोनियात भिजवून खुराड्याला बांधली. वासानं आमचे डोळे चुरचुरले, शेजारीण खिडक्या लावून बसली. तात्यांनी चिंधी सोडून बाजूला ठेवली. दुसरा उपाय रेडिओ: माणसांची बोलणी ऐकू आली की प्राणी बिचकतो म्हणतात. मी मराठी बातम्यांतल्या चर्चेचा कार्यक्रम लावून फोन खुराड्याजवळ ठेवला. सहा माणसं एकदम ओरडताहेत म्हटल्यावर कोण जवळ येईल? पहिली रात्र खरंच शांततेत गेली. दुसऱ्या रात्री तात्या कुंपणावर बसून ऐकत होते. तिसऱ्या रात्री त्यांच्याही लक्षात आलं असावं की यातलं कोणी उठून काही करत नाही.

मग कोयोटीचं, म्हणजे इथल्या लांडग्याच्या जातीतल्या प्राण्याचं मूत्र. हो, ते बाटलीत भरून विकतात. त्या वासानं लहान प्राण्यांना वाटतं की कोयोटी आसपास आहे. पार्सल नेमकं आईनं घेतलं आणि लेबलाचं भाषांतर लेकीकडून करून घेतलं. मी संध्याकाळी कामावरून आलो तेव्हा बाटली जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलेली होती.

"पैसे देवन मूत इकत घेतलंस?"

मी शास्त्रीय बाजू मांडू लागलो.

"किती पैसे?"

मी आकडा निम्मा सांगितला. तरी तिनं त्याला पंच्याऐंशीनं गुणलं आणि ती खाली बसली. पुढचे चार दिवस गावाहून ज्याचा फोन येईल त्याला ही बातमी पहिली मिळायची. मूत्र कुंपणाभोवती शिंपडलं, त्याच रात्री पाऊस आला आणि सगळं वाहून गेलं. पाऊस नसता तरी फार फरक पडला नसता. वासामागून कोयोटी कधी येतच नाही, हे तात्यांना दोन दिवसांत कळतं.

मिरचीपुडीचा सल्ला मात्र मला मनापासून पटला, कारण आयुष्यात प्रथमच अमेरिकेतल्या एखाद्या अडचणीवर आमच्या फडताळात उपाय निघत होता. पक्ष्यांना तिखट लागत नाही. तिखटपणा जाणवतो तो सस्तन प्राण्यांना. कोंबड्यांनी खाद्यातली पूड आनंदानं खाल्ली. उरलेली मी खुराड्याच्या दारावर फुंकरीनं पसरवायला गेलो, आणि त्याच क्षणी वारा फिरला. त्या प्रसंगाला हजर असलेला एकमेव सस्तन प्राणी मी होतो.

मग हालचाल टिपून पाण्याचा फवारा मारणारं यंत्र बसवलं. ते उत्तम चालतं. जून महिन्यात त्यानं भिजवलेले असे: मी, बायको, पोस्टमन, पुन्हा मी, ऑफिसला निघालेली बायको, आणि एकदा तात्या. तात्यांनी त्या रात्री पाण्याला हात लावून पाहिला. मग फवारा कुठवर पोचतो ते बघून दोन फूट बाहेरून वळसा घातला. मी मात्र रोज पहाटे खुराडं उघडायला तिथूनच जायचो.

असं हरायला लागलं की माणूस वाचायला लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेव्हिस नावाच्या एका अमेरिकी संशोधकानं रॅकूनना पेट्यांची कुलुपं उघडायला दिली होती. तेरापैकी अकरा त्यांनी उघडली, तीही दहाच्या आत प्रयत्नांत. माझ्याकडे एकच कडी होती. पुढे 1926मध्ये अध्यक्ष कूलिज यांच्याकडे कोणीतरी मिसिसिपीहून एक जिवंत रॅकून पाठवला, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात शिजवायला म्हणून. कूलिज दांपत्यानं तिला खाल्लं नाही. रिबेका नाव ठेवून व्हाइट हाउसमध्ये पाळलं. हे वाचून मला धीर आला. ज्या घरात चार कोंबड्या गोडाच्या नावानं राहतात, तिथे मीच एकटा दुबळा नव्हतो.

शेवटी अक्कल आली ती अशी: ती षट्कोनी जाळी कोंबडी आत ठेवते, रॅकूनला बाहेर ठेवत नाही. तो ती फाडतो, नाहीतर भोकातून हात घालतो, आणि पलीकडे झोपलेल्या कोंबडीचं जे हाती लागेल ते ओढतो. म्हणून अर्ध्या इंची चौकटीची जाड, वेल्डिंगची जाळी आणली. स्टेपलरनं ठोकली तर उचकटते, म्हणून वॉशर घालून स्क्रूनं आवळली. खालून उकरू नये म्हणून दोन फूट रुंद पट्टा जमिनीवर बाहेरच्या बाजूला अंथरून त्यावर दगड. दाराला आपोआप पडणारी कडी, आणि कडीत गिर्यारोहक वापरतात तो कॅराबिनर, म्हणजे स्प्रिंगचा आकडा. दोन हातांची दोन वेगवेगळी कामं एकाच वेळी करावी लागली की तात्यांचा धीर सुटतो. खाद्य रात्री उचलून पत्र्याच्या डब्यात. जुलैतले दोन शनिवार-रविवार यात गेले. आई खुर्ची टाकून देखरेखीला. गावाला हेच काम डालग्याखाली कोंबड्या झाकून वर पाटा ठेवला की व्हायचं, हे ती दर वीस मिनिटांनी सांगायची.

दुसऱ्या रविवारी रात्री आम्ही चौघं खिडकीशी बसलो. तात्या आले. आणि त्यांच्या मागून, एकामागोमाग एक, पट्टी बांधलेली तीन पोरं.

तात्या बाई निघाल्या.

आईचा पक्ष त्याच क्षणी बदलला. "बाळंतीण हा ती! आणि तू तिच्यार पाण्याचे फवारे मारतस?" दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा बाहेर ठेवायला निघालेल्या आईला मी आणि लेकीनं दारात अडवलं, एकदा खायला घातलं तर ही कायमची सोकावेल म्हणून समजावलं. ती माघारी फिरली, पण जाताना यंत्राचा नळ बंद करून गेली. जाळीवर तिन्ही पोरांचे हात फिरले, तात्यांचे फिरले. कॅराबिनर खूप वेळ खुळखुळला. मग वरात कुंपणावरून शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्याकडे गेली.

ऑक्टोबरात आई परत गेली. डिसेंबरात सिअ‍ॅटलला सव्वाचारनंतर दिवस मावळतो. अंधार पडला की कोंबड्यांना दिसत नाही, त्या आपसूक दांडीवर चढतात, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमधून 'दोन मिनिटं' म्हणून उठून खुराडं लावून येतो. आता सगळ्यांना सवय झालीय.

त्या दिवशी खरवस दांडीवर नव्हती. कोपऱ्यात फुगून बसलेली. तिला उचलायला मी वाकून आत शिरलो, आणि मागे दार वाऱ्यानं लागलं. आपोआप पडणारी कडी आपोआप पडली. बाहेरून. जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं. मी निवडून आणलेलं. माझं बोट जेमतेम एका पेरापर्यंत गेलं आणि अडकलं. फोन स्वयंपाकघरात. साडेचार वाजता तो वाजायला लागला: कणकवलीला पहाटेचे सहा, आई रोज याच वेळी विचारते, "कडी घातलंस मां?" वाजून वाजून थांबला. बायको यायला दीड तास. पाऊस सुरू झाला.

कुंपणावर काहीतरी हललं. तात्या खाली उतरल्या, अंथरलेल्या जाळीवरून सावकाश चालत दारापाशी आल्या, आणि मागच्या दोन पायांवर उभ्या राहून माझ्याकडे बघू लागल्या. कॅराबिनर अजून लावलेला नव्हता, तो माझ्या खिशात होता. त्यांनी कडीवर हात ठेवला. बोटं फिरवली. थांबल्या.

"डावीकडून, तात्या," मी म्हणालो. "उचला आणि डावीकडे."