गळक्या इंजिनाचा मुक्काम

इंजिन साफ बंद पडलं तर माणूस मोकळा होतो. मिस्त्रीला फोन लावायचा आणि बाजेवर पडायचं. गळक्या इंजिनाची तऱ्हा निराळी. ते चालतंही आणि गळतंही. त्याला बिघडलं म्हणावं तर घरचे म्हणतात, पाणी तर देऊन राह्यलं ना! बरं आहे म्हणावं तर डिझेल नव्वदीच्या वर गेलेलं.

आमचं पाणी उपसायचं इंजिन बाबांनी घेतलेलं. एक सिलिंडर, सहा हॉर्सपॉवर, दोन बाजूंना दोन जडशीळ चक्रं. मूळ आराखडा इंग्लंडातला, १९३०च्या आसपासचा, घडण राजकोटची. मुर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला गाडीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ला सुटलं आणि तिला डिझेलचं लागलं. आमच्या नाल्यावर त्याच्या आधीपासून डिझेलचं आहे, ही गोष्ट दारव्ह्याचं स्टेशन दिसलं की बाबा सांगतातच. सोबत कोण आहे हे ते पाहत नाहीत. एकदा त्यांनी ती माझ्या सासऱ्यांना बारशाला जाताना सांगितली आणि परतताना पुन्हा सांगितली. आता शकुंतला बंद आहे आणि आमचं इंजिन चालू आहे, म्हणजे तो वाद बाबा जिंकल्यातच जमा.

तर हरभऱ्याला फांद्या फुटायच्या वेळचं पाणी द्यायचं होतं. शेतीच्या विजेचा आठवडा रात्रीचा, म्हणून इंजिनावर भिस्त. आणि इंजिनाच्या पायाशी थारोळं. नाल्यावर दुरुस्ती करायची म्हटली तर हातातून निसटलेलं वायसर गवतात जातं आणि मग वायसर हा विषय संपतो. म्हणून चौघांनी मिळून ते धूड ट्रॉलीत चढवलं आणि घरी आणून अंगणात, तुळशीपासून आई परवानगी देईल तेवढ्या अंतरावर ठेवलं.

"सयपाकाले डिझलचा वास मारून राह्यला," आई पहिल्याच संध्याकाळी म्हणाली.

मी तिला सांगितलं की १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असलंच एक इंजिन चक्क फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, तेलावर चालवून दाखवलं होतं.

"मंग आपलं बी फल्लीच्या तेलावर चालव. गयलं तर खाली कढई तरी ठेवता येईन."

यावर उत्तर नव्हतं. मी कढईऐवजी जुनं घमेलं ठेवलं आणि थेंब मोजत बसलो. सेकंदाला साधारण एक. पाण्याचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, हे कंपाउंडरकडून ऐकलेलं. डिझेलचा थेंब त्याहून लहान असतो, म्हणून तीस धरले. तासाचे ३६०० थेंब, म्हणजे १२० मिली. दिवसरात्र डिझेलचा कॉक उघडा राहिला तर जवळजवळ तीन लिटर. हा हिशेब मी भिंतीवर खडूने लिहिला. लिहायला नको होता. त्या दिवसापासून बाबा येताजाता भिंत वाचून उसासा टाकायला लागले.

कॉक बंद ठेवावा, एवढी अक्कल आम्हाला होती. पण कॉक बंद केला की खालच्या नळीत उरलेलं डिझेल रात्रभर त्याच फटीतून झिरपतं, जागा रिकामी होते आणि तिथे हवा शिरते. इंजिनावर डिझेल दाबून पुढे ढकलणारा एक छोटा पंप असतो, त्याला हवा चालत नाही. हवा दाबली जाते, सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल उघडत नाही, आणि सकाळी हँडल मारणाऱ्याचा खांदा मात्र उघडतो. तेव्हा रात्री डिझेल वाचवायचं की सकाळी खांदा, एवढीच निवड होती.

मिस्त्रीला फोन लावला.

"निंघालोच भाऊ. गाडीवरच आहो."

मागे कुकरची शिटी झाली.

इंजिन अंगणात म्हणजे रस्त्यावरून दिसणारं. आमच्या गावात कुणाच्या अंगणात पाहुणा आला तर लोक नंतर विचारतात, इंजिन आलं तर आधी आत येतात. पुढच्या काही दिवसांत असं लक्षात आलं की रोग कुठला हे कुणीच विचारत नाही. ज्याच्याकडे जे औषध आहे त्याचाच रोग इंजिनाला झालेला असतो.

नळाची कामं करणारा आला. त्याने खिशातून टेफ्लॉनची पांढरी टेप काढली आणि डिलिव्हरी पाइपच्या आट्यांवर प्रेमाने गुंडाळली. आता हा पाइप म्हणजे पंपाकडून नोझलकडे जाणारी लोखंडी नळी. जुन्या इंजिनांत तिच्यातला दाब शंभर ते दोनशे किलोच्या घरात जातो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात एक-सव्वा किलो हवा असते, त्यावरून अंदाज करा. या नळीचं तोंड निमुळतं असतं आणि ते लोखंडावर लोखंड बसून बंद होतं. आटे फक्त दाबून धरायला. तिथे टेप लावणं म्हणजे दाराला कुलूप असताना बिजागरीला सुतळी बांधणं. वर टेपचा एखादा तुकडा आत गेला तर नोझलची केसाएवढी भोकं बुजणार. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "टाकीले तर थांबते." पाण्याच्या टाकीला थांबतं, हे मला मान्य करावं लागलं. तो गेल्यावर टेपचा कण न् कण सुईने काढला.

गवंडी आला. तो दोन रंगांची लुकण मिसळून घेऊनच आला होता. डिझेलाने ओल्या लोखंडावर लुकण धरत नाही, ती सकाळी घमेल्यात पडलेली सापडली. सायकलवाल्याने नोझलवरून टाकीकडे उरलेलं डिझेल परत नेणारी जी बारीक नळी असते ती पाहिली, "ही पाहा, फुटली," म्हणाला आणि ट्यूबचा तुकडा कापून बसवला. नळी खरंच फुटली होती, निदान बरोबर होतं. पण सायकलच्या ट्यूबच्या रबराला डिझेल पचत नाही. रबर डिझेल पितं, फुगतं, मऊ पडतं. दोन दिवसांत तो तुकडा दुप्पट जाड होऊन आपणहून निसटला. मग कंपाउंडरने सलाइनची नळी दिली. ती छान पारदर्शक, आतून जाणारे बुडबुडे दिसायचे, म्हणून गल्लीतली पोट्टी तासन् तास उकिडवी बसायची. गरम नोझलच्या शेजारी ती कडक झाली आणि टणकन मोडली. निवृत्त वायरमन सगळ्यांत शेवटी आला. कुठे गळतं याची त्याने चौकशीच केली नाही, जिथे हात पोचला तिथे काळी टेप मारली.

मी पुन्हा मिस्त्रीला फोन लावला. तो गाडीवरच होता.

आणि एक इशारा इथेच देऊन ठेवतो, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंजिन चालू असताना त्या जाड लोखंडी नळीच्या जोडावर बोट ठेवून "इथून येते का" पाहणारा एकजण प्रत्येक गावात असतो. आमच्याकडे माझा पुतण्या. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरतं, बोट कापायची वेळ येऊ शकते. पाहायचंच असेल तर पुठ्ठा धरावा. मी पुतण्याला त्याच्या वहीचा पुठ्ठा फाडून दिला, तर त्याला वाटलं मी वही फाडायला परवानगी दिली.

सगळे उपाय करून इंजिन अपघात विभागातून आणलेल्या रोग्यासारखं दिसत होतं आणि गळायचं तेवढंच गळत होतं. शेवटी एका दुपारी, गाव लग्नाला गेलेलं पाहून, मी दार लावून घेतलं. कपडे धुवायची पावडर आणि गरम पाणी घेऊन ते धूड घासलं. काळ्या टेपा, चिकटा, वर्षानुवर्षांची काजळी सगळी निघाली आणि खालून हिरवा रंग निघाला. आमचं इंजिन हिरवं आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, "शकुंतलेचं..." मी चिंधी मागितली.

पुसून, वाळवून, त्यावर बायकोच्या डब्यातली टाल्कम पावडर फुंकली. सगळ्या जोडांवर, नळ्यांच्या खालच्या अंगालासुद्धा. इंजिन सुरू केलं नाही. टाकी वर, पंप खाली; नुसत्या उतारानेच डिझेल येतं. कॉक उघडला आणि समोर पाटावर बसलो.

थेंब पडत होता तो पंपाच्या बुडाशी. इतके दिवस बहुतेकांनी उपचार केले तेही तिथेच. तिथली पावडर मात्र कोरडी ठणठणीत. पहिला करडा ठिपका उमटला तो वर, फिल्टरपाशी. तिथे नळीच्या टोकाला एक वाटोळी कडी असते, तिच्या पोटातून पोकळ बोल्ट जातो. मिस्त्री लोक त्याला बेंजो म्हणतात. कडीच्या बाहेरून एक तांब्याचं वायसर आणि आतून एक. बाहेरचं सगळ्यांना दिसतं. आतलं, कडी आणि फिल्टर यांच्यामध्ये दडलेलं, कुणाला दिसत नाही. ठिपका त्याच्या कडेने अर्धचंद्रासारखा वाढला, मग ओल नळीच्या पोटाला धरून, गुपचूप, एक वाकण घेऊन, दुसरं घेऊन पंपापर्यंत उतरली आणि तिथे पहिला थेंब लोंबला. इतका वेळ मी श्वास धरून होतो. मागून बायको म्हणाली, "अहो, ती पावडर तीनशेची आहे."

सतराचा पाना लावून बोल्ट काढला. वायसर काळं पडलेलं, त्यावर बोल्टच्या कडेची खोल गोल रेघ. दर वेळी आवळून आवळून तांबं कडक होतं. कडक तांबं बारीक खाचेत बसत नाही, आणि गळतंय म्हणून आणखी आवळावं तर ते आणखी कडक होतं. आमच्याकडे तर "आवय अजून" हा सल्ला द्यायला गावातलं प्रत्येक मनगट हजर.

नवं वायसर दारव्ह्याला दोन-चार रुपयांत मिळतं. पण बाजार बंद, लग्न सगळ्यांचंच. तिसऱ्यांदा मिस्त्रीला फोन केला. या वेळी मागे बँड वाजत होता. तो त्याच लग्नात.

"लाल करा ना भाऊ त्याले! चुलीत टाका, लाल झालं का पान्यात टाका. मऊ होते. मी निंघालोच."

लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं तर ते कडक होतं, तांबं मऊ होतं. हे बायकोला पटवण्यात वेळ गेला, कारण तिचे वडील लोहारी कामाचे जाणकार. शेवटी आईने पऱ्हाटीचा जाळ केला. माझे डिझेलाचे हात साबणाने धुवून झाल्याशिवाय तिने मला चुलीशी येऊ दिलं नाही, आणि चिंधी तर अंगणाच्या पार टोकाला टाकायला लावली. ते योग्यच होतं. डिझेलात भिजलेली चिंधी पेटायला वेळ लागत नाही. जाळ बसल्यावर निखाऱ्यांवर वायसर ठेवलं, आई फुंकणीने फुंकत राहिली. आधी त्यावर निळा-जांभळा रंग चढला, मग तो गेला, मग कडेने अंधूक तांबूस आणि मग सगळं वायसर निखाऱ्यातून वेगळं ओळखू येईना इतकं लाल. सांडशीने उचलून वाटीत टाकलं. चर्र झालं, काळी खपली सुटून पाण्यात तरंगली आणि खाली नव्या पैशासारखं गुलाबी तांबं. नखाने दाबलं तर किंचित वाकलं. बायको म्हणाली, "तांब्याचं ठीक आहे, पण लोखंडाबद्दल माझे बाबा म्हणतात तेच खरं." तिने कुणाची बाजू लढवली ते मला अजून कळलेलं नाही.

काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून वायसराच्या दोन्ही बाजू गोल गोल घासल्या, कडीचा चेहराही घासला, आणि सगळं परत बसवलं. बोल्ट बेताने आवळला. रस्त्यावरून कुणीतरी "अजून आवया" म्हणालं. कोण, ते मी वळून पाहिलं नाही.

मग हवा काढणं. फिल्टरवरचा छोटा स्क्रू ढिला केला, फेसाळ डिझेल आलं, मग स्वच्छ आलं, स्क्रू बंद. तसंच पंपावर. मग नोझलकडचा नट ढिला करून, सिलिंडरातला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका वर ठेवून हँडल फिरवलं, तिथूनही बुडबुडे संपले, नट आवळला. आणखी चार फेरे, आणि नोझलमधून तो आवाज आला, टिर्र... टिर्र... दर दोन फेऱ्यांना एकदा. हा आवाज ऐकू आला की खांद्याला आशा वाटते. हँडल जोरात फिरवलं, खटका पाडला. इंजिनाने एक मोठा पांढरा ढेकर दिला आणि मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांच्या आपल्या संथ चालीवर आलं. घमेलं कोरडं राहिलं. नोझलवरची परतीची नळी दुसऱ्या दिवशी दारव्ह्याहून आणली, डिझेलचीच, आत धागा विणलेली.

गाव लग्नाहून परतलं. नळवाल्याने कोरडा जोड पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं की टेपने थांबलं. गवंडी म्हणाला, लुकणीचा अंश आत राहिला असणार. वायरमनला आपल्या टेपा काढल्याचं वाईट वाटलं, त्याने एक पुन्हा मारून दिली. ती मी राहू दिली. भिंतीवरचा हिशेब बाबांनी स्वतः पुसला.

इंजिन नाल्यावर गेलं, हरभऱ्याला पाणी लागलं. मग एका सकाळी मिस्त्री आला. गाडी अंगणात लावून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"इंजन कोठी हाय?"

"नाल्यावर. दुरुस्त झालं."

"मंग मले कायले बलावलं?"

चहा झाला, पेट्रोलचे पैसे झाले. तो उठला तेव्हा आई त्याच्या गाडीखाली बोट दाखवत होती. सारवलेल्या अंगणात ऑइलचा ताजा, वाटीएवढा डाग.

"हे काय रे बाप्पा, तुही गाडी गयते ना!"

"हो मावशी, सहा महिने झाले," तो किक मारत म्हणाला. "एक वायसर टाकाचं हाय. मिस्त्रीच भेटत नाई."