वजनावर लॅम्ब्रेटा

काल माझ्या लॅम्ब्रेटाचा भाव ठरत होता. किलोवर. मी तिच्याच शेजारी, पार्किंगमध्ये फतकल मारून, पेट्रोलच्या ताटलीत कार्बोरेटर धूत बसलो होतो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

स्कूटर सासऱ्यांची, 1964 ची. मूळ मिलानच्या इन्नोचेंती कंपनीची, आपल्याकडे मुंबईची एपीआय, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, बनवायची. चौदा महिने मी तिचा गंज खरवडतोय.

तर भंगारवाला गेटातून आत आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी त्याला परस्पर थांबवलं. "ही बघ रे. काय देशील?"

"अठ्ठावीस रुपये किलो."

आता काका त्याला हाकलणार, असं मला वाटलं. काकांनी बाह्या सरसावल्या. "अठ्ठावीस? अरे, इटलीचा माल आहे!"

"इटलीचा असो नाहीतर इचलकरंजीचा, लोखंड ते लोखंड."

"इंजिनाची पेटी अल्युमिनियमची आहे. तिला लोखंडाचा भाव लावतोस होय?"

हे त्यांना मीच सांगितलं होतं. गेल्या गणपतीत, आरती खोळंबून ठेवून. हिचं इंजिन मध्यावर असतं, व्हेस्पासारखं उजव्या कुशीत नाही. 1971 ला तिकडचं उत्पादन थांबलं आणि यंत्रसामग्री थेट लखनौला आली... काका डोळे बारीक करून ऐकत होते. तो हिशेब चालला होता, हे मला आत्ता कळतंय.

"सीट नि टायर वजनातून वजा," भंगारवाला म्हणाला.

"टायर कोरे आहेत! परवाच घातलेत यानं!"

"काका, मला विकायची नाहीये."

"तू थांब जरा. पस्तीसवर आणलाय त्याला."

बरं, याच पार्किंगमध्ये एक मोटार सात वर्षं कव्हरखाली मरून पडली आहे. चारही चाकं बसलेली, खाली मांजर दोनदा व्यालं. तिला कुणी अडगळ म्हणत नाही, कारण ती सेक्रेटरींची. मी मेंटेनन्स वेळेवर भरतो, पार्किंगचे वेगळे भरतो, तरी नोटीस माझ्याच नावाची: 'तेलाचे डाग आढळल्यास...' पुढची टिंबं त्यांचीच. धमकीसुद्धा पूर्ण लिहायचे कष्ट नाहीत.

सौदा मोडला. रुसले मात्र काका. त्याला गेटापर्यंत सोडायला गेले आणि हळू आवाजात, म्हणजे कानाचं यंत्र घरी विसरलेल्या माणसाला जो हळू वाटतो त्या आवाजात, म्हणाले, "रविवारी सकाळी ये. तेव्हा हा जुन्या बाजारात स्पेअर हुडकत फिरत असतो."