रोबो व्हॅक्यूम आणि पास्कलचा मोठा आकडा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कौटुंबिक व्हॉट्सॲप गटांवर रोबो व्हॅक्यूमविषयीचा, म्हणजे घरभर आपोआप फिरून धूळ ओढणाऱ्या यंत्राविषयीचा, एक संदेश फिरतो. पास्कलचा आकडा सर्वांत मोठा असेल ते यंत्र डोळे झाकून घ्यावे, फिल्टर नळाखाली धुतला की देखभाल संपली, झाडू कायमचा सुटतो, आणि वायफाय किंवा वीज गेली की यंत्र निकामी होते, असा त्याचा आशय आहे. ही विधाने अर्धवट खरी आहेत आणि म्हणूनच ती अधिक फसवतात.

पहिले विधान पास्कलचे. पास्कल हे दाबाचे एकक आहे आणि जाहिरातीतला आकडा बहुधा हवेचा मार्ग पूर्ण बंद केल्यावर मिळणारा कमाल दाब दाखवतो. प्रत्यक्षात धूळ उचलली जाते ती दाब, हवेचा प्रवाह आणि ब्रशचा फरशीशी होणारा स्पर्श या तिन्हींच्या मेळाने. घरभर गालिचे असतील तर जास्त शक्तीचा उपयोग होतो. टाइल्सच्या फरशीवर मात्र दोन-अडीच हजार पास्कलचे यंत्रही रोजच्या धुळीला पुरते, आणि कमाल शक्तीवर चालवल्यास बॅटरी लवकर उतरते व आवाज वाढतो तो वेगळाच. आपल्याकडे आकड्यापेक्षा उंबरठा महत्त्वाचा ठरतो. बहुतेक यंत्रे साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच चढतात, तर शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांतील उंबरठे याहून बरेच उंच असतात, त्यामुळे यंत्र हाताने उचलून खोलीत ठेवावे लागते. खोलीचा नकाशा घेण्यासाठी काही यंत्रांच्या माथ्यावर असलेला लेझरचा मनोरा धरून यंत्राची उंची नऊ-दहा सेंटिमीटर होते; म्हणून खरेदीपूर्वी पलंगाखालची आणि कपाटाखालची जागा पट्टीने मोजावी. फरशी काळी किंवा फार गडद असेल तर आणखी एक अडचण येते. यंत्राच्या पोटाखालचे संवेदक इन्फ्रारेड किरण फरशीवरून परततात की नाही यावरून जिन्याची कड ओळखतात. गडद फरशी ते किरण शोषते आणि यंत्र तिलाच खड्डा समजून थांबते. संवेदकांवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय सुचवला जातो, पण घरात जिना असेल तर तो करू नये.

फिल्टरचे विधान सर्वांत नुकसानकारक आहे. सगळे फिल्टर धुण्याजोगे नसतात. न धुण्याचा फिल्टर पाण्यात गेला की त्याचे तंतू बिघडतात आणि धूळ अडवण्याची क्षमता कमी होते. पुस्तिकेत धुण्याची परवानगी असली तरी तो पूर्ण वाळवूनच बसवावा लागतो, आणि त्यासाठी सहसा किमान एक दिवस सांगितलेला असतो. खानापूरच्या पावसात आषाढात एका दिवसात काय वाळते, हे तिथल्या गृहिणींना सांगायला नको. ओलसर फिल्टरवर आपली तांबडी माती चिखलासारखी बसते, हवा अडते आणि मोटरवर ताण येतो. त्यामुळे दुसरा फिल्टर घरात असावा आणि एरवी कोरड्या मऊ ब्रशने झटकावे. अंगणातली व देवघरापुढची रांगोळी आधी झाडूनच काढावी, कारण ती बारीक भुकटी फिल्टर लगेच कोंदवते.

देखभाल एवढ्यावर संपत नाही. मुख्य ब्रशच्या दोन्ही टोकांच्या टोप्या काढून तिथे गुंडाळलेले केस कापावेत, पुढचे लहान चाक उपसून स्वच्छ करावे, संवेदक आणि चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पुसण्याची सोय असलेल्या यंत्राचे कापड काम संपताच काढून वाळवावे, टाकीत पाणी साठवू नये, आणि पुस्तिका परवानगी देत नसेल तर त्यात फिनाईल घालू नये.

झाडू सुटतो हे म्हणणे अतिशयोक्त आहे. गोल यंत्र कोपऱ्यात पूर्ण पोहोचत नाही, जिना चढत नाही, आणि ओट्यापुढचे तेल-हळदीचे डाग हलक्या ओल्या कापडाने निघत नाहीत. रोजची धूळ आणि केस मात्र ते चांगले आवरते.

वायफायविषयी थोडक्यात: बहुतेक यंत्रे वरच्या बटणानेही सफाई सुरू करतात, नकाशा आणि वेळापत्रक यांसाठी ॲप लागते. विजेचे म्हणणे अर्धे खरे आहे. यंत्र बॅटरीवर चालते, पण अनेक यंत्रे ज्या इन्फ्रारेड संकेतावरून चार्जिंगची जागा नेमकी गाठतात, तो संकेत चार्जिंगचा तळ (यंत्र जिथे चार्ज होते तो भिंतीजवळचा ठोकळा) देत असतो आणि त्याला वीज लागते. सफाई चालू असताना वीज गेली तर यंत्र वाटेत थांबलेले सापडू शकते. वीज आल्यावर ते हाताने तळावर ठेवावे लागते.

संदेशात सुट्या भागांचा उल्लेखच नाही. पैसे देण्यापूर्वी त्याच मॉडेलचा फिल्टर, बाजूचा ब्रश आणि बॅटरी आज विकत मिळते का, हे शोधून पाहावे. मिळत नसेल तर सवलत कितीही असली तरी ते मॉडेल सोडून द्यावे.