बाप तुरुंगात, पोरगी माइकवर

विषय निघाला बंड्याच्या मोबाइलवरून. बंड्या बोटीवर फिटर. नऊ महिने पाण्यात आणि उरलेले तीन महिने आमच्या डोक्यावर. त्याच्या फिलिपिनो बोसननं, म्हणजे डेकवरच्या मुकादमानं, कसलासा व्हिडिओ पाठवला होता. एक वाळलेली, थकलेली बाई काहीतरी बोलत होती आणि बोसननं खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लावली होती.

"कोण रे ही?" मन्यानं मान वाकडी करून विचारलं.

"क्रिस अ‍ॅक्विनो. फिलिपिन्सची मोठी नटी आणि टीव्हीवरची बाई. 'क्वीन ऑफ ऑल मीडिया' म्हणतात तिला."

हे ऐकून मास्तरांनी पेपर खाली ठेवला. मास्तरांनी तीस वर्षं इतिहास शिकवलाय, अजून सुटलेला नाही. "अ‍ॅक्विनो? म्हणजे कोरी अ‍ॅक्विनोची कोण?"

"पाच पोरांतली धाकटी."

"मग संपलाच की विषय," मन्या म्हणाला. "आई राष्ट्राध्यक्ष! आपल्याकडे नगरसेवकाच्या पोराचे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. हिचा पहिला सिनेमा कधीचा?"

"१९९०. 'पिडो दिडा'. रेने रेकिएस्टास नावाचा विनोदी नट होता बरोबर. तुफान चालला."

"आणि आई तेव्हा?"

"खुर्चीवरच."

मन्यानं दोन्ही हात पसरले. झालं की नाही?

बंड्या चिडला. "अरे, राष्ट्राध्यक्षाची पोरगी बघायला लोक एकदा जातील. पुढं कोण जातंय? नव्वदीत खऱ्या हत्याकांडांवरच्या सिनेमांची लाट आली, त्यात ही इतकी दिसली की 'मॅसॅकर क्वीन' नाव पडलं. मग भुताखेताचे सिनेमे. २००४ चा 'फेंग शुई', २००६ चा 'सुकोब'. सुकोब म्हणजे काय माहितीये? सख्ख्या भावंडांची लग्नं एकाच वर्षात करू नयेत, आणि घरात कुणी गेलं तर त्या वर्षात लग्नच करू नये."

"भावंडांचं तर आमची आजीपण म्हणायची," मी म्हटलं. "फक्त घरात कुणी गेलं, तर वर्षाच्या आत उरकून घ्या म्हणायची." यावर पाच मिनिटं भलतीकडेच गेली. मन्याच्या दोन बहिणींची लग्नं एकाच मांडवात झालीत आणि दोन्ही जावई त्याच्या डोक्यावर बसलेत, त्यामुळे सुकोब खरा, असं ठरलं.

चहा आला आणि मन्या मुद्द्यावर परतला. "बरं, टीव्हीचं काय? चॅनेल कुठलं?"

"एबीएस-सीबीएन."

"ते तर तिथल्या हुकूमशहानं, मार्कोसनं, मार्शल लॉ लावून बंद पाडलेलं," मास्तर म्हणाले. "१९७२. परत चालू झालं १९८६ ला, मार्कोस पळाल्यावर. म्हणजे हिच्या आईच्या राज्यात."

मास्तर कुणाच्या बाजूनं आहेत ते कधीच कळत नाही. मन्या तर उठून नाचायचाच बाकी राहिला. "त्या चॅनेलात हिला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?"

"म्हणून काय कायमचा चालला?" बंड्या म्हणाला. "'क्रिस टीव्ही' नावाचा रोज सकाळचा कार्यक्रम होता. २०१६ मध्ये बंद झाला तेव्हा हिचा सख्खा भाऊ राष्ट्राध्यक्ष होता. आणि मी बघितलाय ना तो. मेसरूममध्ये हार्डडिस्क लावून कुक आणि बोसन बघायचे. ही बाई जेवता जेवता बोलते, मध्येच रडते, मध्येच स्वतःलाच हसते. मला भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मी ताट घेऊन बसायचो."

"हेच मला खटकतं," मन्या म्हणाला. "मोडलेलं नातं टीव्हीवर, पोरं टीव्हीवर, आता आजारपणही. दुःखाचं दुकान मांडलंय नुसतं."

मास्तरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की तास सुरू होतो.

"हिचा जन्म कधीचा, बंड्या? १४ फेब्रुवारी १९७१. सप्टेंबर १९७२ ला मार्शल लॉ आला आणि मार्कोसनं पहिल्या झटक्यात उचललं ते हिच्या बापाला, विरोधी पुढारी निनॉयला. पोरगी दीड वर्षाची. १९७८ ला निवडणूक लागली, निनॉय तुरुंगातूनच उभा राहिला. समोर मार्कोसची बायको, इमेल्डा. प्रचाराला उमेदवार येऊ शकत नाही, मग व्यासपीठावर कोण? ही. सात वर्षांची. मनिलातल्या एकवीसच्या एकवीस जागा इमेल्डाच्या पॅनेलला गेल्या. १९८० ला बापाला हृदयाच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेला सोडलं, मग तिथं तीन वर्षं सगळे एकत्र. कळत्या वयात तिला बाप मिळाला तो एवढाच. २१ ऑगस्ट १९८३, तो परत आला. स्वागताला मनिलात पिवळ्या फिती बांधलेल्या, आणि विमानातून उतरवताच गोळी घातली. ही बारा वर्षांची."

कुणी बोललं नाही. समोरून एसटी गेली तेवढाच आवाज.

"हिला घरातलं दुःख लोकांसमोर मांडायला सातव्या वर्षी मोठ्या माणसांनीच उभं केलं," मास्तर म्हणाले. "आता म्हणायचं, बाई गं, जरा खाजगी ठेव?"

मला हे पटलं, अजूनही पटतं. पण मन्या ऐकतोय होय! "मास्तर, त्याच घरात आणखी चार भावंडं होती. ती कुठं बसली रडत? भाऊ तर घुम्या होता म्हणतात."

"घुम्या होता, पण निवडून कसा आला? ऑगस्ट २००९ ला आई गेली. अंत्यविधीला क्रिसनं केलेलं भाषण अख्ख्या देशानं पाहिलं. त्या लाटेवर २०१० ला भाऊ राष्ट्राध्यक्ष. तू ज्याला दुकान म्हणतोस, त्याचा गल्ला घरच्यांनीही मोजलाय."

हे मात्र दोन्हीकडून लागलं. मन्याला आपण जिंकलो की हरलो ते कळेना.

बंड्यानं मध्येच 'क्रेझी रिच एशियन्स'मधला फोटो काढून दाखवला. २०१८ चा हॉलिवूडचा सिनेमा, हिचं काम दोन मिनिटांचं, राजकन्येचं. झगा पिवळाधम्मक.

"फीत विसरली नाही," मास्तर पुटपुटले. मग म्हणाले, "आजार कसला?"

"ऑटोइम्यून. एक नाही, बरेच. शरीर स्वतःवरच उलटतं. २०२२ च्या जूनमध्ये उपचारांना अमेरिकेला गेली, २०२४ च्या सप्टेंबरात परतली."

"जून २०२२," मास्तर म्हणाले. "त्याच महिन्याच्या ३० तारखेला मार्कोसच्या पोरानं राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. बापही मार्कोसच्या राज्यातून अमेरिकेला गेला तो ऑपरेशनसाठीच."

बंड्या बोसनला उत्तर टाइप करायला लागला. मन्या थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मी दुकान म्हणालो ते त्याला सांगू नको हां."

"त्याला मराठी कुठं येतं?"

"शिव्या येतात की. तूच शिकवल्यास."